गाण्याच्या सीडीबरोबर आलेला आगंतुक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या महिन्यात या सदरात परवाना करार न वाचताच 'मान्य आहे' या बटणावर टिचकी मारण्याच्या सवयीबद्दल लिहिले होते, आणि त्या ओघात २००५ साली अमेरिकेत गाजलेल्या सोनी बीएमजीच्या सीडी प्रकरणाचा ओझरता उल्लेख केला होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की आजचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला द्यावे असे वाटले. पत्रांतले निवडक प्रश्न थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी पुण्यात विधी शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वर्गात या प्रकरणाचा उल्लेख 'रूटकिट प्रकरण' एवढाच होतो. नेमके काय घडले होते, आणि गाण्यांच्या सीडीवरून एवढा गदारोळ का झाला?

उत्तर : सोनी आणि जर्मनीची बर्टल्समान या दोन समूहांनी २००४ साली आपापले संगीत व्यवसाय एकत्र करून सोनी बीएमजी ही कंपनी काढली होती. या कंपनीने २००५ मध्ये आपल्या काही सीडींवर गाण्यांसोबत एक्ससीपी नावाचे कॉपी-प्रतिबंधक सॉफ्टवेअर घातले. ते फर्स्ट फोर इंटरनेट या ब्रिटिश कंपनीने तयार केले होते. घरातल्या साध्या प्लेअरमध्ये ही सीडी नेहमीसारखी वाजे. विंडोज संगणकात घातली की मात्र पडद्यावर करार उमटे, आणि तो मान्य केला की कंपनीचा स्वतःचा प्लेअर बसे. गाणी ऐकायची ती त्याच प्लेअरमधून, आणि सीडीच्या प्रती काढायच्या त्या फार तर तीन. इथपर्यंतचा व्यवहार जाचक असला तरी उघड होता. करारात ज्याचा उल्लेखच नव्हता ती गोष्ट पुढची आहे. त्याच वेळी विंडोजच्या गाभ्यात एक ड्रायव्हर (यंत्रणेच्या आतून काम करणारा छोटा कार्यक्रम) बसवला जाई, आणि ज्या फाइलच्या, प्रक्रियेच्या किंवा रजिस्ट्रीतील (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतील) नोंदीच्या नावाची सुरुवात डॉलरचे चिन्ह, मग इंग्रजी 'सिस' ही अक्षरे, मग पुन्हा डॉलरचे चिन्ह अशी असेल, ती प्रत्येक गोष्ट हा ड्रायव्हर संगणकाच्या मालकापासून लपवून ठेवी. घुसखोर आपली उपस्थिती झाकण्यासाठी जे तंत्र वापरतात, त्यालाच रूटकिट म्हणतात.

हे उघडकीस आणले ते मार्क रसिनोविच या विंडोजच्या जाणकाराने. लपलेल्या फाइली शोधणारे रूटकिटरिव्हीलर हे साधन त्याच्याच संस्थेने तयार केले होते. त्याची चाचणी घेताना त्याला स्वतःच्याच संगणकात अशा फाइली सापडल्या, आणि व्हॅन झँट बंधूंची विकत घेतलेली सीडी वाजवल्यामुळे त्या आल्या आहेत, असे माग काढल्यावर निष्पन्न झाले. त्याने केलेला एक साधा प्रयोग मला फार बोलका वाटतो. त्याने विंडोजमधल्या नोटपॅडची एक प्रत काढली आणि तिच्या नावाच्या आरंभी ती डॉलरची चिन्हे व अक्षरे जोडली. नाव बदलताक्षणी ती फाइल त्याच्या डोळ्यांसमोरून नाहीशी झाली. ती डिस्कवरच होती. फक्त संगणकाने ती आपल्या मालकाला दाखवणे बंद केले होते. कोणताही विषाणू आपल्या फाइलला असेच नाव देऊन त्या आडोशाला बसू शकेल, हे सांगायला यानंतर वेगळा पुरावा लागत नव्हता.

बाकीचे तपशीलही तितकेच अस्वस्थ करणारे होते. सतत चालू राहणाऱ्या एका भागाला 'प्लग अँड प्ले डिव्हाइस मॅनेजर' असे नाव दिलेले होते, जेणेकरून ते विंडोजचेच अंग आहे असे पाहणाऱ्याला वाटावे. सीडी ड्राइव्हमध्ये नसतानाही तो दर दोन सेकंदांनी संगणकात चालू असलेले कार्यक्रम तपासत राही. सॉफ्टवेअर काढून टाकण्याची कोणतीही सोय दिलेली नव्हती, आणि रसिनोविचने ते हाताने काढले तेव्हा त्याची सीडी ड्राइव्हच विंडोजला दिसेनाशी झाली, कारण ड्राइव्ह आणि विंडोज यांच्यामध्ये या सॉफ्टवेअरने आपला एक दुवा अडकवून ठेवला होता. त्याच्यासारख्या तज्ज्ञाला रजिस्ट्रीत शिरून ती दुरुस्ती करता आली. सर्वसामान्य माणसाने संगणक उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेला असता.

३१ ऑक्टोबर २००५ रोजी त्याने हे सर्व लिहून प्रसिद्ध केले. गदारोळ वाढण्याचे एक कारण कंपनीच्या उत्तरात होते. कंपनीच्या जागतिक डिजिटल व्यवसायाचे प्रमुख थॉमस हेस यांनी ४ नोव्हेंबरला अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर बोलताना, बहुतेक लोकांना रूटकिट म्हणजे काय हेच ठाऊक नसते, मग त्यांनी त्याची फिकीर कशाला करावी, अशा अर्थाचे विधान केले. माझ्या मते सॉफ्टवेअरपेक्षाही या एका वाक्याने लोक अधिक दुखावले. आपल्याला एखादी गोष्ट समजत नाही, म्हणून ती आपल्या घरात न विचारता ठेवायला हरकत नाही, हा युक्तिवाद कोणत्याही गिऱ्हाइकाला सहन होणार नाही.

प्रश्न : मी नाशिकला राहतो. कंपनीला आपला माल चोरीपासून जपायचाच होता, तर तिने सीडीलाच कुलूप का लावले नाही? ग्राहकाच्या संगणकात शिरण्याची गरजच काय होती?

उत्तर : तुमचा प्रश्न साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सीडीचे मानक फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून १९८० च्या सुमारास ठरवले आणि १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि हे सारे कोणत्याही सांकेतिक कुलपाविना तबकडीवर सरळ लिहिलेले. संगणकात सीडी ड्राइव्ह असेल आणि घरोघरी गाण्यांच्या प्रती निघतील, ही कल्पना त्या काळी कोणाच्या मनातही नव्हती. पुढे जगभर कोट्यवधी प्लेअर विकले गेले आणि ते सगळे ही उघडी लिपी वाचणारे होते. नंतर कुलूप घालायचे ठरवले असते तर ते सगळे प्लेअर निकामी झाले असते. त्यामुळे कंपन्यांपुढे दोनच वाटा उरल्या.

पहिली वाट म्हणजे साध्या प्लेअरला चालेल पण संगणक गोंधळेल इतपत सीडी मुद्दाम बिघडवून विकणे. ही वाट २००१-०२ मध्ये बरीच चोखाळली गेली आणि तिने प्रामाणिक ग्राहकालाच मनस्ताप दिला. गाडीतले प्लेअर, डीव्हीडी प्लेअर, काही जुने संगीत संच या सीडी वाजवेनात. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २००१ मध्ये नॅटली इम्ब्रुलियाची अशी सीडी आली, तेव्हा तक्रारी एवढ्या आल्या की कंपनीला ग्राहकांना साध्या प्रती बदलून द्याव्या लागल्या. युरोपात विकल्या गेलेल्या सेलिन डिऑनच्या सीडीने ॲपलचे संगणक अडकून पडत, आणि आत गेलेली सीडी बाहेर काढणेही मुश्कील होई. याच सुमारास काही प्रकारच्या सीडींचा अडथळा तबकडीच्या कडेला साध्या मार्कर पेनाने रेघ ओढली की निष्प्रभ होतो, असेही लोकांच्या लक्षात आले. फिलिप्सने तर अशी बिघडवलेली तबकडी म्हणजे सीडी नव्हेच, सबब तिच्यावर सीडीचे अधिकृत बोधचिन्ह छापता येणार नाही, अशी भूमिका घेतली. स्वतःच्या मानकाची अब्रू राखणारी ती भूमिका मला आजही आदरणीय वाटते.

दुसरी वाट म्हणजे सीडी चांगली ठेवायची आणि अडथळा ग्राहकाच्या संगणकात बसवायचा. कुलूप तबकडीला लावता येईना, म्हणून ते गिऱ्हाइकाच्या घराला लावण्याचा हा प्रकार होता. त्यातली अडचण प्रिन्स्टन विद्यापीठातील प्रा. एड फेल्टन आणि त्यांचे विद्यार्थी ॲलेक्स हाल्डरमन यांनी फार नेमकेपणाने दाखवून दिली आहे. आपल्याच संगणकावर आपलीच गाणी वाजवण्यापासून आपल्याला अडवणारे सॉफ्टवेअर कोणी राजीखुशीने बसवून घेणार नाही, आणि चुकून बसलेच तर ते ठेवणारही नाही. म्हणजे असे सॉफ्टवेअर टिकायचे असेल तर त्याला नकळत शिरावे लागते, लपून राहावे लागते आणि काढू गेल्यास प्रतिकार करावा लागतो. हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरची लक्षणे नेमकी हीच आहेत. एखाद्या अधिकाऱ्याची वाईट बुद्धी हे या प्रकरणाचे कारण नव्हते. या वाटेवर पाऊल टाकल्यावर पुढचे सगळे ओघानेच येणार होते.

आणि एवढे करून साधले काय? सीडी आपोआप सुरू करण्याची विंडोजमधली सोय हाच या सॉफ्टवेअरचा एकमेव प्रवेशमार्ग होता. सीडी घालताना कीबोर्डवरची शिफ्ट कळ दाबून धरली की तो मार्ग बंद होई. हाल्डरमन यांनी २००३ मध्येच सनकॉम कंपनीच्या मीडियामॅक्स या अशाच सॉफ्टवेअरबाबत हे लिहिले होते, आणि त्यावर त्या कंपनीने त्यांना कोर्टात खेचण्याची धमकी देऊन ती दुसऱ्याच दिवशी मागे घेतली होती. ज्याला प्रती काढून विकायच्या होत्या त्याला शिफ्ट कळ ठाऊक होती. गुंतून पडला तो दुकानात पैसे मोजून सीडी घेणारा, करार मान्य करणारा, सरळमार्गी माणूस. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

प्रश्न : मी सायबर सुरक्षा या विषयाचा अभ्यास करते. लाखो संगणकांत महिनोन्‌महिने रूटकिट बसले होते, तर अँटिव्हायरस कंपन्या आणि संशोधक तोवर गप्प का होते?

उत्तर : ते अगदी गप्प नव्हते, पण बोलायला कचरत होते. फिनलंडच्या एफ-सिक्युअर या कंपनीला हा प्रकार सप्टेंबर २००५ च्या अखेरीस कळला होता आणि ऑक्टोबरच्या आरंभी तिने तो सोनी बीएमजीच्या कानावर घातलाही होता. प्रिन्स्टनच्या जोडगोळीलाही रसिनोविचच्या लिखाणाच्या आधी जवळपास महिनाभर या सॉफ्टवेअरमधील धोका दिसला होता. ते थांबले ते कायद्याच्या भीतीने. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यानुसार कॉपी-प्रतिबंधक उपाय निकामी करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो, आणि धोकादायक सॉफ्टवेअर काढून टाकण्याची पद्धत सांगणे हेदेखील त्यात बसेल का, हा प्रश्न वकिलांना विचारण्यात त्यांचे दिवस जात होते. त्या दिवसांत सीडी विकल्या जातच होत्या. मला या प्रकरणातला सर्वांत गंभीर भाग हाच वाटतो. घराला आग लागल्याचे ज्याला दिसते आहे, त्याला ओरडण्याआधी वकिलाकडे जावे लागत असेल तर कायद्याची बांधणी कुठेतरी चुकली आहे.

पुढे नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने या कायद्यातून एक सवलत मंजूर केली. सीडीवरील संरक्षक उपायामुळे संगणकाच्या सुरक्षेला भगदाड पडत असेल, तर ते तपासण्यासाठी किंवा बुजवण्यासाठी तो उपाय निकामी करण्यास मोकळीक मिळाली. ही सवलत या प्रकरणातूनच जन्मली, आणि ती मागणाऱ्यांमध्ये फेल्टन व हाल्डरमन हे दोघे होते.

अँटिव्हायरस कंपन्यांबद्दल मी इतका उदार होणार नाही. हे सॉफ्टवेअर एखाद्या अनोळखी टोळीने पसरवले असते तर त्याला धोकादायक ठरवायला त्यांनी एक दिवसही लावला नसता. ते नामांकित कंपनीकडून आले म्हणून काहींनी आरंभी केवळ लपवणारा भाग उघडा करण्यावर समाधान मानले आणि मूळ सॉफ्टवेअर जागेवरच राहू दिले. रसिनोविचच्या लिखाणानंतर जेमतेम दहा दिवसांत, १० नोव्हेंबरला, त्या आडोशाचा फायदा घेणारे पहिले ट्रोजन, म्हणजे साळसूद रूपात शिरणारे घातक सॉफ्टवेअर, सापडले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनेही हे रूटकिट आपल्या साधनांकरवी शोधून काढून टाकण्याचे जाहीर केले.

अभ्यासक म्हणून तुम्हाला उपयोगी पडेल असा आणखी एक तपशील आहे. संशोधकांनी एक्ससीपीचा कोड उलगडून पाहिला तेव्हा त्यात लेम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे अंश आढळले, आणि त्या प्रकल्पाच्या परवान्यातील अटी पाळलेल्या नव्हत्या. स्वामित्वहक्काच्या रक्षणासाठी विकलेल्या वस्तूतच दुसऱ्यांच्या स्वामित्वहक्काची अशी पायमल्ली झालेली होती. कुंपणानेच शेत खाल्ले होते.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. तळघर आवरताना २००५ च्या सुमाराच्या इंग्रजी गाण्यांच्या पुष्कळ सीडी सापडल्या. त्यांतल्या काही या प्रकारच्या असतील तर ओळखायच्या कशा, आणि आता वाजवल्या तर चालेल का? भरपाई मागता येईल का?

उत्तर : आधी सीडीचे वेष्टन हातात घेऊन पाहा. समोरच्या बाजूला डाव्या कडेवर, जिथे डबीची बिजागरी असते तिथे, उभ्या पट्टीत 'कंटेंट प्रोटेक्टेड' असे इंग्रजी शब्द छापलेले असतील तर सीडीवर कोणते तरी संरक्षक सॉफ्टवेअर आहे असे समजा. मग डबी उलटी करा. मागे बारीक अक्षरांत एक काळी-पांढरी चौकट असते. तिच्यात सीडी कोणत्या साधनांवर चालते ते लिहिलेले असते आणि खाली मदतीसाठी संकेतस्थळाचा पत्ता असतो. त्या पत्त्यात 'एक्ससीपी' ही अक्षरे असतील तर ती रूटकिटवाली सीडी आहे. सनकॉमचे नाव असेल तर मीडियामॅक्सवाली. मीडियामॅक्समध्ये रूटकिट नव्हते, पण करार नाकारला तरी त्याच्या काही फाइली संगणकात उतरत, आणि डिसेंबर २००५ मध्ये त्यातही सुरक्षेची एक गंभीर त्रुटी सापडली होती.

सीडी प्लेअरवर किंवा गाडीत ती खुशाल वाजवा. सॉफ्टवेअर तिथे काहीच करू शकत नाही. मॅक किंवा लिनक्स संगणकावर विंडोजचा कार्यक्रम चालत नाही, आणि आजच्या ६४ बिटी विंडोजमध्ये इतका जुना, स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर गाभ्यात शिरू दिला जात नाही. तरीही सीडी घातल्यावर कोणताही कार्यक्रम सुरू करू का असे विचारले गेले तर नकार द्या. खरी काळजी घ्यायची ती तळघरात सीडींच्या शेजारी विंडोज एक्सपीचा जुना संगणकही ठेवला असेल तर. त्यावर जुनी छायाचित्रे पाहायची म्हणून तो सुरू करणार असाल, तर इंटरनेटला न जोडता करा. एखाद्या रिकाम्या मजकूर फाइलच्या नावाला वर सांगितलेली डॉलरची चिन्हे व अक्षरे लावून पाहा. फाइल अदृश्य झाली तर रूटकिट अजून तिथे आहे. अशा वेळी कोणत्याही फाइली हाताने पुसू नका, छायाचित्रे बाहेर काढून घ्या आणि संगणक निवृत्त करा.

हाताने पुसू नका हे मी अनुभवावरून सांगतो. माझ्या भाच्यासाठी पूर्वी एक शैक्षणिक सीडी घेतली होती. प्रकाशक कोण ते इथे महत्त्वाचे नाही. तिच्यासोबत आलेले संरक्षक सॉफ्टवेअर मी माझ्या परीने पुसले आणि दुसऱ्या दिवशी संगणकातून सीडी ड्राइव्हचे चिन्हच गायब. ते परत आणण्यात माझे दोन रविवार गेले आणि भाच्याची परीक्षा त्याआधीच होऊन गेली.

भरपाईची मुदत मात्र केव्हाच संपली आहे.

प्रश्न : मी ठाण्यात ग्राहक चळवळीत काम करतो. एवढ्या बलाढ्य कंपनीला माघार घ्यायला लावण्यात ग्राहकांना यश कसे आले, आणि अखेर त्यांच्या पदरात काय पडले?

उत्तर : घटना किती भरभर घडल्या ते पाहण्यासारखे आहे. लिखाण प्रसिद्ध झाल्यावर दोन-तीन दिवसांत कंपनीने लपवणारा भाग उघडा करणारी दुरुस्ती दिली. संपूर्ण सॉफ्टवेअर काढायचे असेल तर मात्र ग्राहकाने संकेतस्थळावर अर्ज भरायचा, ईमेल द्यायचा, उत्तराची वाट पाहायची आणि मग पुन्हा एका पानावर जायचे, अशी यातायात ठेवली होती. त्या पानावरून संगणकात जो छोटा घटक उतरे, तो काम झाल्यावरही तिथेच राही, आणि कोणतेही संकेतस्थळ त्याच्या आधारे त्या संगणकात आपल्याला हवा तो कार्यक्रम चालवू शके. हे फेल्टन आणि हाल्डरमन यांनी १५ नोव्हेंबरच्या सुमारास दाखवून दिले. ज्यांनी जागरूकपणे सॉफ्टवेअर काढायला घेतले, तेच आगीतून फुफाट्यात पडले. ११ नोव्हेंबरला कंपनीने एक्ससीपीच्या सीडींचे उत्पादन थांबवले होते. पुढच्या काही दिवसांत तिने ५२ शीर्षकांच्या सीडी बाजारातून परत मागवण्याचे आणि विकलेल्या बदलून देण्याचे जाहीर केले. तयार झालेल्या सीडी होत्या सुमारे ४७ लाख, आणि त्यांतल्या सुमारे २१ लाख तोवर विकल्या गेल्या होत्या. म्हणजे लिखाण प्रसिद्ध झाल्यापासून माघारीपर्यंत पुरते तीन आठवडेही लागले नाहीत.

यश का आले, याची माझी मीमांसा अशी. एक तर आरोप कोणालाही घरी पडताळून पाहता येत होता. फाइलचे नाव बदला आणि ती नाहीशी होते का ते पाहा. दुसरे, प्रसार किती झाला आहे तेही कोणीतरी मोजून दाखवले. एक्ससीपीचा प्लेअर सीडी वाजवताना कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधे. डॅन कॅमिन्स्की या संशोधकाने इंटरनेटवरील नेम सर्व्हरमध्ये (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या संगणकांमध्ये) उरलेल्या अशा संपर्कांच्या खुणा तपासल्या आणि त्या ५,६८,००० हून अधिक सर्व्हरमध्ये सापडल्या. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. संतापलेले ग्राहक, संशोधक, ग्राहकांचे वकील आणि सरकारी यंत्रणा हे चौघे एकाच महिन्यात एकाच दिशेने हलले. २१ नोव्हेंबर २००५ या एकाच दिवशी टेक्सासचे ॲटर्नी जनरल ग्रेग ॲबट यांनी त्याच वर्षी झालेल्या राज्याच्या स्पायवेअरविरोधी कायद्याखाली दावा लावला, आणि डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने कॅलिफोर्नियात ग्राहकांच्या वतीने सामुदायिक दावा दाखल केला. त्याआधी अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याचे स्ट्युअर्ट बेकर यांनीही एका जाहीर सभेत, बौद्धिक संपदा तुमची असली तरी संगणक तुमचा नाही हे लक्षात ठेवा, असे संगीत उद्योगाला सुनावले होते.

पदरात काय पडले ते रकमेत मोजाल तर फार नाही. मे २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार एक्ससीपीची सीडी परत करणाऱ्याला साधी सीडी मिळाली, आणि त्यासोबत साडेसात डॉलर व एका अल्बमचे डाउनलोड किंवा पैशांऐवजी तीन अल्बमची डाउनलोडे. डिसेंबर २००६ मध्ये टेक्सास आणि कॅलिफोर्निया या राज्यांशी प्रत्येकी साडेसात लाख डॉलरवर तडजोड झाली, आणि संगणकाचे नुकसान झालेल्यांना १७५ डॉलरपर्यंत भरपाई मान्य झाली. पाठोपाठ इतर अनेक राज्यांशी ४२.५ लाख डॉलरची तडजोड झाली. ३० जानेवारी २००७ रोजी फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेनेही तडजोड जाहीर केली. वेष्टनावर ठळकपणे सांगितल्याशिवाय आणि ग्राहकाची संमती घेतल्याशिवाय असे सॉफ्टवेअर बसवायचे नाही, हे बंधन तिच्यातून आले, आणि माझ्या लेखी साऱ्या डॉलरांपेक्षा ते मोलाचे आहे.

प्रश्न : मी कोल्हापूरला गाणे शिकवते. आमच्या ध्वनिफितींच्या आणि सीडींच्या चोरट्या प्रतींनी कलाकारांचे किती नुकसान केले ते आम्ही पाहिले आहे. तुमच्या लिखाणात कलाकाराची बाजू कुठे आहे?

उत्तर : तुमची व्यथा खरी आहे आणि तिला कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. फूटपाथवर मूळ किमतीच्या चौथाईत विकली जाणारी प्रत कलाकाराच्या ताटातला घास काढून घेते. पण या प्रकरणात कलाकारही ग्राहकांच्याच बाजूला उभे राहिलेले दिसतात. स्विचफुट या वाद्यवृंदाची सीडी सप्टेंबर २००५ मध्ये एक्ससीपीसह बाहेर पडली, तेव्हा त्यांच्याच बेसवादकाने रसिकांची क्षमा मागत, हा अडथळा ओलांडून गाणी आपल्या आयपॉडवर कशी घ्यायची ते जाहीरपणे लिहून सांगितले. ज्याने पैसे मोजले त्यालाच गाणे ऐकता येत नाही, ही गोष्ट त्या वादकाला अपमानास्पद वाटली असणार. शिवाय एका माणसाने एकदा कुलूप उघडून प्रत इंटरनेटवर टाकली की उरलेल्या लाखो सीडींवरचे कुलूप केवळ खरेदीदाराला छळण्यापुरते उरते. उद्योगालाही पुढे हे उमगले. ईएमआय या संगीत कंपनीने एप्रिल २००७ मध्ये कुलपाविना गाणी विकण्याचे जाहीर केले, जानेवारी २००८ मध्ये सोनी बीएमजीही त्याच वाटेने गेली, आणि जानेवारी २००९ मध्ये ॲपलने आपल्या दुकानातील सर्वच गाणी कुलपाविना देण्याची घोषणा केली.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला राहतो. असा प्रकार भारतात घडला तर आपल्याकडे दाद कुठे मागता येईल? आणि स्वतः विकत घेतलेल्या सीडीची स्वतःसाठी प्रत काढणे गुन्हा आहे का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याबद्दल विनाकारण भीती पसरली आहे. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला न्याय्य वापर हा हक्कभंग मानलेला नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले आणि संरक्षक उपाय निकामी करणे शिक्षेस पात्र ठरले. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मात्र अमेरिकेच्या कायद्यापेक्षा आपले कलम अधिक विचारपूर्वक लिहिलेले आहे, असे मी मानतो. हक्कभंग करण्याचा हेतू असेल तरच तो गुन्हा होतो. शिवाय मालकाच्या परवानगीने संगणकाची सुरक्षा तपासणे, किंवा वापरकर्त्याची ओळख पटवण्यासाठी अथवा त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी बसवलेला उपाय निकामी करणे, या गोष्टींना त्यात स्पष्ट अपवाद आहेत. प्रिन्स्टनच्या संशोधकांना जी सवलत मागून घ्यावी लागली, तिच्या जवळ जाणारी तरतूद आपल्या कायद्याच्या मजकुरातच आहे.

आता दाद कुठे मागायची ते पाहू. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार संगणकाच्या मालकाच्या परवानगीविना त्यात असा कोड घुसवणे, की जो त्या संगणकाचे नेहमीचे काम बळकावतो किंवा त्यातील माहिती बदलतो वा बाहेर पाठवतो, हे भरपाईस पात्र कृत्य आहे. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचा अर्ज राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून ऐकतात. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. 'ग्राहकाने करार मान्य केला होता' हा बचाव इथे नक्की पुढे येईल. त्यावर विचारायचा प्रश्न एवढाच, की जी गोष्ट करारात लिहिलीच नव्हती, तिला परवानगी दिली असे म्हणता येईल का?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ही दुसरी वाट आहे, आणि सामान्य माणसाला तीच जवळची. अनुचित व्यापारी प्रथेविरुद्ध जिल्हा आयोगाकडे जाता येते, आणि एकाच वस्तूने अनेकांचे नुकसान झाले असेल तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकच तक्रार करता येते. कराराच्या अटीच अनुचित आहेत असे म्हणायचे असेल तर मात्र राज्य आयोगाकडे जावे लागते; हा फरक लक्षात न घेतल्याने कित्येक तक्रारी पहिल्याच पायरीवर अडतात. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. वस्तू बाजारातून परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे, म्हणून एकट्यापुरती भरपाई नको असून माल हटवायला हवा असेल तर तक्रारीची प्रत त्यांच्याकडेही पाठवावी.

यातले काहीही करायचे असेल तर पुरावा पहिल्या दिवशी गोळा करा. बिल, वेष्टनाची पुढची आणि मागची बाजू, पडद्यावर आलेल्या कराराचे शेवटच्या ओळीपर्यंतचे छायाचित्र, आणि सॉफ्टवेअर काढण्याआधी संगणकात काय दिसत होते त्याची नोंद. संगणक दुरुस्तीला दिलात तर दुरुस्ती करणाऱ्याकडून दोष कशामुळे झाला ते पावतीवर लिहून घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीतूनही तक्रार सांगता येते, आणि मिळालेला नोंदणी क्रमांक पुढे आयोगाकडे जाताना जोडता येतो.